शिव्यांचा धनी : गॉर्जस जॉर्ज

नाटकांत खलपुरुषाची भूमिका उत्तम वठली म्हणजे प्रेक्षक त्या नटावर दांतओठ खातात, आणि तीच त्याची खरी बिदागी होय. पण पडदा पडला कीं नट रंग पुसून घरीं जातो. अमेरिकेंतील धंदेवाईक कुस्तींत मात्र असा एक मल्ल होऊन गेला कीं ज्याला हा रंग अखेरपर्यंत पुसतां आला नाहीं. त्याचें नांव जॉर्ज रेमंड वॅगनर. पण जगाला तो ठाऊक आहे तो ‘गॉर्जस जॉर्ज’, म्हणजे देखणा जॉर्ज, या नांवानें.

ही कुस्ती म्हणजे कोल्हापूरच्या तांबड्या मातींतील कुस्ती नव्हे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. तेथें दोरांनीं वेढलेला चौकोनी मंच असतो. अंगमेहनत खरी, दुखापतही खरी. परंतु कोणी जिंकावें व कोणी हरावें हें आधींच ठरलेलें असतें. म्हणून बळापेक्षां भूमिकेला मोल अधिक. एक मल्ल सज्जन, दुसरा दुर्जन. आणि दुर्जनाची खोड मोडलेली पाहण्यासाठीं लोक आनंदानें तिकिटाचे पैसे मोजतात. हें मर्म जॉर्जइतकें क्वचितच कोणी ओळखलें असेल.

२४ मार्च १९१५ रोजीं नेब्रास्का संस्थानांतील ब्यूट या गांवीं त्याचा जन्म झाला. बालपण टेक्ससमधील ह्यूस्टन शहरीं गरिबींत गेलें. शाळा लवकर सुटली आणि पडेल तें काम करावें लागलें. मल्लांच्या मानानें तो ठेंगणाच. डावपेच त्याला चांगले येत, पण तेवढ्यावर गर्दी जमत नव्हती. १९३९ सालीं ऑरेगॉनमधील यूजीन येथें त्यानें बेटी हॅन्सन या तरुणीशीं कुस्तीच्या मंचावरच लग्न लाविलें. लोकांना तो थाट इतका आवडला कीं पुढें गांवोगांवीं तेंच लग्न पुन्हां पुन्हां लावून दाखविण्यांत आलें! कुस्तीपेक्षां कुस्तीभोंवतींचा देखावा अधिक खपतो, हा धडा त्याला येथें मिळाला.

बेटीनें त्याच्यासाठीं झगे शिवले. झगा उतरवून त्याची सावकाश घडी घालण्यांत तो वेळ काढूं लागला, कीं प्रेक्षक चिडून ओरडत. लॉर्ड लॅन्सडाउन असें नांव लावणाऱ्या एका मल्लाचा उमरावी थाट त्याच्या पूर्वींच गाजला होता. जॉर्जनें तो उचलला आणि पराकोटीस नेला. केस सोनेरी रंगवून त्यांचे कुरळे झुबके केले. एल्गारच्या ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ या संचलन-संगीताच्या तालावर तो राजासारखा येई. पुढें त्याचा सेवक मंचावर सुगंधी फवारे उडवी. केसांतील सोनेरी पिना जॉर्ज प्रेक्षकांत फेंकी. पंच तपासणीस आला तर त्याच्या घाणेरड्या हातांचा विटाळ नको म्हणून किंचाळे. मग कुस्तींत उघड उघड लबाडी! लोक संतापानें बेभान होत, आणि दुसऱ्या खेपेस पुन्हां तिकीट काढीत.

११ नोव्हेंबर १९४७ रोजीं तो प्रथम दूरचित्रवाणीवर दिसला. त्या बाल्यावस्थेंतील यंत्राला स्वस्त व सुटसुटीत कार्यक्रम हवे होते. कुस्तीचा लहानसा मंच एका कॅमेऱ्यांत सहज मावे. घरोघरीं जॉर्जचें नांव झालें. तथापि २२ फेब्रुवारी १९४९ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें तो उतरला, तेव्हां अर्धें प्रेक्षागृहही भरलें नाहीं. कीर्तीचा भरंवसा किती धरावा, याची ही सूचनाच होती.

खलपुरुषाचा धंदा एक प्रकारें कर्जाचा असतो. ‘याची कधींतरी जिरेल’ या आशेवर लोक पैसे देतात. केव्हांतरी ती आशा पुरी करावीच लागते. जॉर्जचें वय वाढलें, मद्य वाढलें, दोन संसार मोडले. मग विकावयाला उरले ते केसच. १२ मार्च १९५९ रोजीं टोरांटो येथें व्हिपर बिली वॉटसनकडून हरल्यावर सर्वांसमक्ष त्याचें मुंडन झालें. ७ नोव्हेंबर १९६२ रोजीं लॉस एंजेलिसमध्यें डिस्ट्रॉयर या मुखवटाधारी मल्लानें पुन्हां तीच गत केली. यकृताच्या विकारामुळें आखाडा सुटला, आणि २६ डिसेंबर १९६३ रोजीं, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षीं, हृदयविकारानें त्याचा अंत झाला.

त्याची विद्या मात्र वांयां गेली नाहीं. १९६१ सालीं लास व्हेगास येथें कॅशिअस क्ले हा एकोणीस वर्षांचा मुष्टियोद्धा त्याला भेटला होता. बढाईखोराचें तोंड बंद झालेलें पाहावयाला लोक पैसे मोजतात, हें त्या तरुणानें जॉर्जपासून उचलल्याचें पुढें स्वतःच सांगितलें. तोच मुहम्मद अली. परंतु अलीची बढाई खऱ्या ठोशांच्या आधारावर उभी होती. जॉर्जला असा आधार नव्हता. त्याच्यापाशीं होता तो केवळ लोकांचा राग, आणि तो टिकविण्यासाठीं त्याला स्वतःचीच विटंबना मांडावी लागली. उत्तर हॉलिवुडमधील त्याच्या थडग्यावर मुलांनीं वडिलांस प्रेमानें वाहिलेला एक फलक आहे. त्यावरही नांव कोरलेलें आहे तें ‘गॉर्जस जॉर्ज’ हेंच.