कुठल्या पासिंगची गाडी?

हैदराबादच्या एकाच सिग्नलला तीन तऱ्हेच्या पाट्या उभ्या दिसतात. 'एपी' म्हणजे २०१४ पूर्वीची गाडी. 'टीएस' तेलंगणा वेगळं झाल्यानंतरची, आणि 'टीजी' २०२४ साली नव्या सरकारनं अक्षरं बदलल्यानंतरची. शहर तेच, काही वेळा मालकही तोच. उत्तरांचलचं उत्तराखंड झालं तेव्हा 'यूए'चं 'यूके' झालं. ओडिशानं 'ओआर' सोडून 'ओडी' घेतलं.

मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा. तिसरा, १९८८ चा, १ जुलै १९८९ पासून लागू झाला. आधी राज्याची दोन अक्षरं, मग आरटीओचा क्रमांक, ही आज सवयीची झालेली रचना त्या सुमारास देशभर रूढ झाली. नंबर हवा तो गाडी ओळखण्यासाठी. पण राज्याची अक्षरं पुढे आली आणि माणूसही त्यावरून ओळखला जाऊ लागला. आपल्याकडे तर 'कुठल्या पासिंगची?' हा प्रश्न गाडीपेक्षा आत बसलेल्याबद्दलच असतो. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला तेव्हा बेळगावजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले आणि पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. ते ट्रक-बस चालवणाऱ्यांचा त्या वादाशी काय संबंध होता? पाटीपुरताच.

खरी गाठ मात्र पैशाची आहे. वाहनांवरचा कर हा घटनेनं राज्यांना दिलेला विषय. त्यामुळे परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली की कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, कर्ज असेल तर बँकेची संमती, नव्या राज्याचा रोड टॅक्स. आणि जुन्या राज्यात आधीच भरलेल्या करातला उरलेला भाग परत मिळवायला वेगळा अर्ज, वेगळ्या खेपा.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रानं 'बीएच' मालिका आणली. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. कल्पना चांगलीच होती. पण ती कोणासाठी? सैन्यातले, सरकारी नोकर, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी. सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूपासून बंगालपर्यंत सोनं-चांदी गाळत आहेत. गावच्या जत्रेला येतात, पुन्हा परमुलखात जातात. फिरतीचं आयुष्य यांच्याइतकं कोणाचं? पण दुकान स्वतःचं, एका गल्लीतलं. चार राज्यांत कार्यालयं कुठून आणणार? त्यांच्या गाडीला ज्या राज्यात बिऱ्हाड त्या राज्याची पाटी लागते, आणि जत्रेत ती उभी राहिली की गावातली पोरं विचारतात, पाहुणे कुठले?