पदापूर्वीची पारख

राज्यकर्त्याचे मूल्यमापन इतिहासकार त्याच्या कारकिर्दीनंतर करतात. मतदाराला मात्र ते आधीच करावे लागते. सत्ता हाती आल्यावर हा माणूस कसा वागेल, याचा अदमास त्याला बांधावयाचा असतो. तो कशाच्या आधारे बांधावा? अमेरिकेतील १८५६ आणि १८६० या दोन निवडणुका शेजारी ठेवून आम्ही या प्रश्नाचा विचार करू इच्छितो.

१८५६ साली राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेले जेम्स ब्यूकॅनन यांच्यापाशी अनुभवाची वाण नव्हती. प्रतिनिधीगृह, रशियातील वकिलात, सिनेट, परराष्ट्रमंत्रीपद आणि अखेरीस ब्रिटनमधील वकिलात अशी त्यांची चढती कमान होती. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी करून दिली आणि देशात वादळ उठले, तेव्हा ते लंडनमध्ये होते. त्यामुळे त्यांना कोणाची बाजू घ्यावी लागली नाही, कोणी दुखावलेही गेले नाही. पक्षाने हीच त्यांची जमेची बाजू मानली. पुढे १८६० च्या डिसेंबरात दक्षिणेकडील राज्ये फुटू लागली, तेव्हा राज्यांना फुटण्याचा अधिकार नाही, परंतु त्यांना बळाने रोखण्याचा अधिकार केंद्र सरकारलाही नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. ते पायउतार होण्यापूर्वीच सात राज्ये बाहेर पडली होती.

त्यांच्यानंतर आलेल्या अब्राहम लिंकन यांची शिदोरी तुटपुंजी होती. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळातील काही वर्षे, १८४७ ते १८४९ या काळात प्रतिनिधीगृहातील एकच कारकीर्द आणि सिनेटच्या निवडणुकीत दोन पराभव. १८६० मध्ये त्यांना देशभरात चाळीस टक्क्यांहूनही कमी मते पडली. पदांची यादी पाहणाऱ्यांनी शंका घेतली असल्यास नवल नाही.

परंतु त्या पराभवांपैकी पहिला बारकाईने पाहण्याजोगा आहे. त्या काळी सिनेटर निवडण्याचे काम राज्याच्या विधिमंडळाकडे असे. फेब्रुवारी १८५५ मध्ये पहिल्या फेरीत लिंकन यांना चाळीसहून अधिक मते मिळाली. नेब्रास्का कायद्याचे दुसरे विरोधक लायमन ट्रम्बुल यांना अवघी पाच. ते पाच जण हटेनात, आणि दुसऱ्या बाजूने राज्यपाल मॅटसन पुढे सरकू लागले. तेव्हा लिंकन यांनी आपली मते ट्रम्बुल यांना देण्यास सांगितले. स्वतः हरून त्यांनी पक्ष जिंकविला. शिवाय त्यांनी डूख धरला नाही. त्या पाचांपैकी नॉर्मन जड यांनीच १८६० मध्ये शिकागोच्या अधिवेशनात लिंकन यांचे नाव उमेदवारीसाठी सुचविले. अध्यक्ष झाल्यावर उमेदवारीतील आपल्या प्रतिस्पर्ध्यांना लिंकन यांनी मंत्रिमंडळात घेतले, त्याचे बीज असे आधीच दिसत होते.

लोकप्रिय युद्धाविरुद्ध बोलण्याचे धैर्यही त्यांनी दाखविले होते. डिसेंबर १८४७ मध्ये, अमेरिकन भूमीवर रक्त सांडल्याचे सांगून मेक्सिकोशी युद्ध छेडले गेले, ती जागा नेमकी कोणती, हे त्यांनी अध्यक्ष पोक यांना जाहीरपणे विचारले. त्याबद्दल स्वप्रांतात त्यांची टवाळी झाली. अर्थात ते निर्दोष नव्हते. १८५८ च्या चार्ल्स्टन येथील वादसभेत, कृष्णवर्णीयांना सामाजिक व राजकीय समता देण्यास आपण अनुकूल नाही, असे त्यांनी म्हटले होते. त्या वाक्यावरून भावी मुक्तिदाता कोणी ओळखला नसता. पूर्वपरीक्षेची ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे.

त्या लढ्याचे पडसाद महाराष्ट्रापर्यंत पोहोचले. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला.

निवडणूक आली की आपल्या दारी पत्रके येतात. त्यांत भूषविलेल्या पदांची यादी असते. ती अवश्य वाचावी. मात्र तिच्यात न छापलेले तीन प्रश्नही विचारावेत, असे आम्हांला वाटते. गावात वाद पेटला तेव्हा हा माणूस कोठे होता? कोणत्या गोष्टीसाठी त्याने स्वतःचे नुकसान सोसले? आणि ज्यांनी त्याला हरविले, त्यांच्याशी तो नंतर कसा वागला? उत्तरे शेजाऱ्यापाजाऱ्यांना बहुधा ठाऊक असतात. मतदानापूर्वी त्यांना विचारण्याची तसदी तेवढी घ्यावी लागते.