पोढी, प्रतिश्रय आणि वाटसरू

नाशिकच्या पांडव लेण्यांत दर हिवाळ्यात शाळांच्या सहली येतात. मुले धापा टाकीत पायऱ्या चढतात, चैत्यगृहाच्या खांबांमागे लपंडाव खेळतात, तिसऱ्या आणि दहाव्या लेण्यातील शिल्पे पाहतात आणि डबे उघडून बसतात. बसतात तिथे जवळच कुठेतरी कातळात कोरलेले चौकोनी तोंडाचे टाके असते. 'आत वाकू नका' एवढीच सूचना गुरुजी देतात आणि सहल पुढे सरकते. या लेखाचा विषय ते टाके आहे.

लेण्यांतील प्राकृत लेखांत या टाक्यांना 'पोढि' म्हटले आहे. पुरातत्त्वाचे अभ्यासक आजही पाणपोढी हाच शब्द वापरतात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की लेणे दान करणारे लोक पोढीचा उल्लेख विसरत नाहीत. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडून आलेला, दात्तामित्री गावचा यवन, म्हणजे ग्रीक वंशाचा मनुष्य. तिरण्हु पर्वतात आपण लेणे, चैत्यघर आणि पोढी खोदविल्या असे तो लिहवून घेतो. चोविसाव्या लेण्याचा दाता वुधिक हा शक जातीचा लेखनिक, राहणार दशपूरचा, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातील मंदसोरचा. त्याचे दान म्हणजे एक लेणे आणि दोन पोढी. इतक्या दूरच्या माणसांना नाशिकच्या डोंगरातील पाण्याची एवढी काळजी का असावी?

पहिले उत्तर खडकात आहे. हा डोंगर बेसॉल्टचा, आपल्या बोलीत काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार बनले, त्यातला हा एक तुकडा. बेसॉल्ट पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे पावसाचे पाणी त्यात लांबच लांब भुयारे कोरू शकत नाही. पाणी मुरते ते भेगांतून आणि दोन थरांमधल्या ठिसूळ पट्ट्यांतून, आणि तेही थोडे. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तो चार महिन्यांत. उरलेले आठ महिने डोंगरावर राहायचे तर पाणी साठवूनच ठेवावे लागते. गुहाही माणसाने कोरायची आणि तिच्यातले पाणीही माणसानेच साठवायचे, अशी इथली तऱ्हा.

याच्या अगदी उलटा प्रदेश पाहायचा असेल तर पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पात जावे लागेल. माया लोकांचा हा देश चुनखडकाचा. हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड पावसाच्या पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होते, आणि ते चुनखडक हळूहळू विरघळवते. द्वीपकल्पाच्या उत्तर भागात पाऊस नाशिक शहरापेक्षा जास्त, पण जमिनीवर नदी म्हणून वाहत नाही. सगळे पाणी खाली जाते आणि जमिनीखालच्या भुयारांतून समुद्राकडे वाहते. कुठे भुयाराचे छत कोसळले की खाली निळे पाणी उघडे पडते. अशा जागेला माया भाषेवरून आलेला शब्द आहे सेनोते. माया गावे अशा पाण्याच्या आधाराने वसली. वायादोलिद या गावात तर ऐन वस्तीत सेनोते आहे.

आणखी एक योगायोग वर्गात सांगण्याजोगा आहे. युकातानच्या वायव्य भागातील अनेक सेनोते एका मोठ्या कमानीवर रांगेने आहेत. ही कमान म्हणजे चिक्शुलूब विवराची जमिनीखाली गाडली गेलेली कड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तिथे अशनी आदळला आणि सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे विवर झाले. आपल्याकडे लाव्हा पसरत होता तो याच काळात. डायनोसॉरांच्या अंताबद्दलच्या वादात हे दोन्ही आरोपी एकाच वेळी उभे असतात.

आज जगभरातून एकटेदुकटे प्रवासी पाठीवर हवेच्या टाक्या घेऊन या भुयारांत बुडी मारायला येतात आणि तुलुम, वायादोलिदसारख्या गावांत मुक्काम करतात. उघड्या समुद्रातला पाणबुड्या संकटात वर येऊ शकतो. भुयारात वर छत असते, म्हणून आलेल्या वाटेनेच परतावे लागते. त्यासाठी तोंडापासून आतपर्यंत अखंड दोरी टाकतात, आणि हवेचा हिशेब तिहाईने करतात: एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश अडचणीसाठी राखीव. या पाणबुड्यांनी भूगोलात मोठी भर घातली आहे. साक आक्तुन नावाची पाण्याखालची भुयारे २०१८ साली ३४७ किलोमीटर लांबीची मोजली गेली. नाशिक ते पुणे आणि परत येणे यापेक्षा फारसे कमी नाही.

या भुयारांत पाण्याखाली लोंबते चुनखडीचे सुळके आहेत. असे सुळके थेंब थेंब पाणी हवेत गळल्यावरच होतात. मग ते पाण्यात कसे? हिमयुगात पृथ्वीचे पुष्कळ पाणी बर्फात अडकले होते, समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरपर्यंत खाली होता, आणि ही भुयारे कोरडी होती. २००७ साली ओयो नेग्रो या खोल खड्ड्यात पाणबुड्यांना एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा सांगाडा सापडला. ती बारा-तेरा हजार वर्षांपूर्वीची. कोरड्या भुयारात ती चालत आली होती आणि बहुधा अंधारात खड्ड्यात पडली.

पण युकातानमध्येही सर्वत्र पाणी हाताशी नव्हते. जॉन लॉइड स्टीफन्स हा अमेरिकन प्रवासी आणि फ्रेडरिक कॅदरवुड हा चित्रकार १८४१-४२ मध्ये या भागात हिंडले. गावागावांतून सरकारी वाड्यात नाहीतर पाद्र्याच्या मठात ते मुक्काम करीत. बोलोनचेन या गावात त्यांनी पाहिले, की गावच्या विहिरी उन्हाळ्यात आटतात आणि मग सारे गाव एका खोल गुहेत उतरते. ओंडक्यांची एक प्रचंड शिडी बांधलेली असे आणि तिच्यावरून माणसे पाठीवर पाणी घेऊन चढत. कॅदरवुडचे त्या शिडीचे चित्र प्रसिद्ध आहे. गावाच्या नावाचा अर्थ मात्र 'नऊ विहिरी'! आणि उश्मल शहराच्या परिसरात, जिथे भूजल फारच खोल आहे, तिथे प्राचीन माया लोकांनी जमिनीत बाटलीच्या आकाराची टाकी खोदून आतून गिलावा केला. त्यांना चुल्तुन म्हणतात. चुनखडक पाणी धरत नाही, म्हणून गिलावा. बेसॉल्टचा भक्कम थर निवडला तर गिलाव्याची गरज नाही. एवढा फरक सोडला तर चुल्तुन आणि पोढी सख्ख्या बहिणी. तोंड लहान, पोट मोठे, वर सावली. म्हणजे बाष्पीभवन कमी.

दोन्ही खडकांतला फरक वर्गात दाखविणे सोपे आहे. शहाबादी फरशी चुनखडकाची असते. तिचा चुरा करून त्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतील. काळ्या दगडाच्या चुऱ्यावर येणार नाहीत. (दगडातल्या पोकळीत पांढरे स्फटिक भरलेले असतील तर ते वगळा; त्यांत कधी कॅल्साइट निघते आणि प्रयोग फसतो.) मोठ्या मुलांना गणित द्या: कातळाच्या १०० चौरस मीटर उतारावरचे ७०० मिलिमीटर पावसाचे सगळे पाणी पन्हळीने टाक्यात उतरविले तर किती? ७०,००० लिटर. एका माणसाला रोज दहा लिटर धरले तर वीस माणसांना साडेअकरा महिने पुरते. प्रत्यक्षात निम्मे हाती आले तरी उन्हाळ्याची बरीच सोय झाली.

वीस माणसे हा आकडा हवेतून घेतलेला नाही. तो दहाव्या लेण्यातल्या लेखात आहे. हे लेणे क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने खोदविले, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात. इतिहासाच्या पुस्तकात उषवदाताला एक ओळ मिळते, आणि तीही सासऱ्याच्या पराभवाच्या निमित्ताने. त्याचे लेख वाचले तर मात्र एक वेगळाच माणूस दिसतो.

त्या काळचा प्रवास आधी डोळ्यांपुढे आणा. त्याच सुमाराच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने, ज्याचे नाव आपल्यापर्यंत आलेले नाही, 'पेरिप्लस' नावाची मार्गदर्शिका लिहिली. तीत भडोचहून दक्षिणेला पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तेर आणखी दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. वीस दिवसांची वाट म्हणजे वीस रात्रींचे मुक्काम. रोज संध्याकाळी वाटसरूला तीन गोष्टी हव्यात: पाणी, निवारा, आणि पुढची नदी ओलांडायची खात्री.

उषवदाताने नेमक्या याच तीन गोष्टींची यादी दगडावर कोरून ठेवली आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे भडोच, मंदसोर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि नालासोपारा, या चार ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या. लेखातला शब्द आहे 'प्रतिश्रय'. बागा, तळी, विहिरी केल्या. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर होड्या ठेवून उतार फुकट केला आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर बसण्या-उठण्याच्या जागा आणि पाणपोया घातल्या. पारदा ही आपली पार आणि दमण ही दमणगंगा. दोघी नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीत उगम पावतात आणि अरबी समुद्राला मिळतात. पावसाळ्यात या नद्या एका रात्रीत किती चढतात हे पेठ-सुरगाण्याकडच्या शिक्षकांना सांगायला नको.

याच लेखात तो तीन लाख गायी दान दिल्याचे आणि वर्षाला लाख ब्राह्मणांना भोजन घातल्याचेही सांगतो. माझ्या मते हे आकडे दानशूरपणाच्या रूढ भाषेतले आहेत, ते मोजून पाहण्यात अर्थ नाही. होड्यांचे तसे नाही. ज्याला नुसती बढाई मारायची तो सहा नद्यांची नावे कशाला देईल? अर्थात त्याचा स्वार्थही उघड आहे. ही सारी ठिकाणे बंदरांच्या आणि व्यापारी वाटांच्या माळेतली आहेत, आणि चालणारी वाट म्हणजे राज्याला जकात. हेतू मिसळलेला असला म्हणून तहानलेल्याचे पाणी खारट होत नाही.

आता वीस माणसांचा हिशेब. दुसऱ्या एका लेखात, वर्ष ४२ मध्ये, उषवदाताने या लेण्यासाठी ३,००० कार्षापण ठेव म्हणून दिले. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १,०००, शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम मोडायची नाही, व्याजच खायचे. पहिल्या ठेवीचे व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे असे लेख सांगतो. वीस गुणिले बारा, २४०. हिशेब तंतोतंत जुळतो. सरळव्याजाचे यापेक्षा जुने आणि खरे उदाहरण आपल्या जिल्ह्यात दुसरे मिळेल असे वाटत नाही. हा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखविला आणि फलकावर नोंदविला, असेही त्यात आहे.

भिक्षूसुद्धा वाटसरूच. आठ महिने हिंडायचे आणि पावसाळ्यात एका जागी थांबायचे. त्या थांबण्यासाठी लेणे, पोढी आणि विणकरांकडची ठेव.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली जोगलटेंभी येथे सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांपैकी बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. सत्ता अशी पुसली गेली. व्यवस्था मात्र त्याने पुसली नाही. तिसऱ्या लेण्यातील त्याच्या राज्यवर्ष १८ च्या आज्ञेत पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत भिक्षूंना दिले आहे. राज्यवर्ष २४ ची आज्ञा अधिक बोलकी आहे. आधी दिलेले शेत कसले जात नाही, ते गाव वसत नाही, म्हणून नगराच्या सीमेवरचे राजाच्या मालकीचे १०० निवर्तने शेत द्यावे, असे गोवर्धनच्या अमात्याला कळविले आहे. दगडावर कोरलेले दान प्रत्यक्षात कोणी तपासले होते, आणि चूक दुरुस्त झाली होती.

हे सारे आपल्याला वाचता येते त्याचे बरेच श्रेय जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या पंडिताला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी तो वर्षानुवर्षे लेणी-डोंगर धुंडाळीत हिंडला आणि लेखांचे ठसे घेत राहिला. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये या लेण्यांचे आणि लेखांचे जे वाचन आहे ते त्याचे.

लेण्यांचे काम आजही संपलेले नाही. २०२१ च्या मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वीची सफाई म्हणून पुरातत्त्व खात्याचे कामगार डोंगरावरची पाण्याची नाली साफ करीत होते. माती निघाली तेव्हा मागे लहान तोंडे दिसली. आत कोरीव खोल्या होत्या, आजवर कोणाच्या क्रमांकात न आलेल्या.