मुदत टळली: वाराणसी, १४ ते १७ सप्टेंबर २०२५

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली. माझे मामा त्यांतलेच. वाराणसीत ठठेरी बाजारालगतच्या गल्लीत त्यांची भट्टी आहे. मूस, तेजाब, टंच यांत त्यांचा हात धरणारा कुणी नाही, पण प्राप्तिकराचं सगळं त्यांनी एका वकीलसाहेबांवर सोपवलेलं. तिकडे करसल्लागाराला वकीलसाहेबच म्हणतात. त्यांचं नाव इथे देत नाही.

आदल्या आर्थिक वर्षात मामांना शेअर बाजारात चार लाखांचा अल्पमुदतीचा तोटा झाला होता. असा तोटा पुढची आठ वर्षं भांडवली नफ्यातून वजा करता येतो. पुढे शेअरमध्ये तेवढाच अल्पमुदतीचा नफा झाला, तर वीस टक्क्यांच्या दराने ऐंशी हजारांचा कर वाचतो. अट एकच: तोट्याचं रिटर्न मुदतीच्या आत गेलेलं हवं. मूळ मुदत ३१ जुलैची होती. मे महिन्यात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ती १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली. मामांनी बँकेची आणि ब्रोकरची स्टेटमेंटं जूनमध्येच पोचवली होती.

रविवार, १४ सप्टेंबर, रात्र

मामांच्या मोबाईलवर वकीलसाहेबांच्या मुनशीकडून एक कागद आला. मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढली, असं त्यात लिहिलं होतं. मामांचा जीव भांड्यात पडला. पण तो कागद खोटा होता. ही बातमी बनावट आहे, मुदत १५ सप्टेंबरच आहे, असं प्राप्तिकर विभागाने जाहीर केलं. ते मी वाचून दाखवल्यावर मामा म्हणाले, “मग उद्या सकाळी जाऊया की. त्यांनी सगळं तयार ठेवलं असंल.”

सोमवार, १५ सप्टेंबर, सकाळी ९

पितृपक्षातली अविधवा नवमी. घरात आजीचं श्राद्ध होतं, ब्रह्माघाटावरून गुरुजी आले होते. मामी म्हणाल्या, “पान झाल्याशिवाय बाहेर पडायचं न्हाई.” मामांनी मधूनच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, “हो जाएगा मामाजी, आज ही हो जाएगा.” जूनपासून प्रत्येक फोनला हेच उत्तर येत होतं.

दुपारी २

कचहरी भागातलं वकीलसाहेबांचं ऑफिस. टेबलावर, खुर्च्यांवर, खिडकीत फायली. दोन मुलं संगणकाला चिकटलेली. मामांची फाईल मी शोधायला सांगितली. जूनमध्ये बांधलेली दोरी तशीच होती.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या वर्षी करसल्लागारांचे हाल खरोखरच झाले. फॉर्म बदलले होते. २३ जुलै २०२४ च्या आधीचे आणि नंतरचे भांडवली व्यवहार वेगळे दाखवायचे होते, कारण त्या दिवशी दर बदलले. व्यापाऱ्याला लागणाऱ्या आयटीआर-३ फॉर्मची युटिलिटी, म्हणजे तो भरायचं सॉफ्टवेअरच, जुलैत आली. त्यातच १५ सप्टेंबर हा आगाऊ कराच्या दुसऱ्या हप्त्याचाही दिवस, त्यामुळे प्राप्तिकराच्या पोर्टलवर दुहेरी गर्दी. एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडत नव्हतं. पण या सगळ्यानेही जूनची फाईल सप्टेंबरात बांधलेलीच का, याचं उत्तर मिळत नाही. झेपतील तेवढीच कामं घ्यायची, आणि झेपत नसेल तर जुलैतच अशिलाला तसं सांगायचं, एवढं तर त्यांच्या हातात होतं.

दुपारी ४

निदान पोर्टलवर शिरून काय आहे ते तरी बघू, म्हणून मी मामांच्या पॅनने लॉगिन करायला बसलो. पासवर्ड मामांना कधीच माहीत नव्हता. नवा घ्यायचा तर ओटीपी हवा, आणि पोर्टलवर मोबाईल नंबर, ई-मेल दोन्ही वकीलसाहेबांचे. आधारच्या ओटीपीचा मार्ग होता, पण मामांचं आधार गावाकडे विट्याला निघालेलं आणि त्याला जोडलेला नंबर केव्हाच बंद पडलेला. परमुलखात धंदा करणाऱ्या आपल्या किती माणसांची हीच गत असेल! आपल्या नावाचं खातं, आपल्या उत्पन्नाचा हिशेब, दंड झाला तर तोही आपल्याच नावावर, आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात.

संध्याकाळी ७

दशाश्वमेधकडे जाणाऱ्या रस्त्यावर आरतीची गर्दी. देशभरातून तक्रारी चालल्या होत्या की पोर्टल उघडत नाही. विभागाचं म्हणणं, पोर्टल व्यवस्थित चाललंय, ब्राउझरची कॅश साफ करा किंवा दुसरा ब्राउझर वापरा. वकीलसाहेबांच्या ऑफिसात तेही करून झालं होतं. आमच्या आधी बरीच माणसं बसलेली होती, त्यांतले काही साडीचे मोठे व्यापारी.

रात्री ११ च्या पुढे

मामांची फाईल उघडलीच नव्हती. मध्यरात्रीला काही मिनिटं उरली असताना मंडळाने मुदत एका दिवसाने, १६ सप्टेंबरपर्यंत, वाढवल्याचं जाहीर केलं. १५ तारखेपर्यंत देशात ७.३ कोटींहून अधिक रिटर्न भरली गेली होती, म्हणजे आदल्या वर्षीच्या ७.२८ कोटींपेक्षा जास्त. मुलांनी संगणक बंद केले. “कल आराम से करेंगे,” वकीलसाहेब म्हणाले. मामांनी त्यांचे हात हातात घेतले. मला त्या ‘आराम से’ची भीती वाटली.

मंगळवार, १६ सप्टेंबर, रात्री १२ ते २:३०

नव्या तारखेसाठी बदल करायला पोर्टल बंद.

सकाळी १०

बँक उघडल्यावर मामांचं नेट बँकिंग सुरू करून घेतलं. नेट बँकिंगमधूनही प्राप्तिकराच्या पोर्टलवर जाता येतं, हे लोकांना फारसं माहीत नसतं. आत शिरलो, मोबाईल नंबर मामांचा घातला. आता किल्ली आमच्याकडे होती, पण मालाचा हिशेब, नफा-तोटा पत्रक, ताळेबंद सगळं वकीलसाहेबांच्या टॅली सॉफ्टवेअरमध्ये. आणि ते दुपारपर्यंत फोन उचलत नव्हते.

संध्याकाळी ६

वकीलसाहेब भेटले. मी विनंती केली, “हातात असलेल्या खऱ्या आकड्यांवर आज रिटर्न टाका. राहिलेलं पुढे सुधारू.” कायदा ही मुभा देतो. मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्ये काही राहून गेलं, तर त्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत ते सुधारता येत होतं. उशिरा भरलेलं रिटर्न मात्र कुठल्याही सुधारणेने वेळेवरचं होत नाही. तोट्याचं परिशिष्ट ब्रोकरच्या कागदावरून तासाभरात भरता आलं असतं.

ते म्हणाले, “आधा-अधूरा रिटर्न हम नहीं डालते.” ही त्यांची सचोटी होती, मला त्यात शंका नाही. पण जूनपासून फाईल न उघडलेल्या माणसाने शेवटच्या संध्याकाळी निर्दोष कामाचा आग्रह धरावा, हे मला आजही पटत नाही. त्या आग्रहाची किंमत दुसऱ्याच्या घरातून जाणार होती.

रात्री १०:३०

काम सुरू झालं. शेअरचे व्यवहार तारखेनुसार दोन भागांत बसवले. ते जमलं.

रात्री ११:४०

ताळेबंद जुळेना. चांदीच्या साठ्याची एक नोंद दोनदा पडली होती. सॉफ्टवेअर चूक दाखवून पुढे जाऊ देईना. मामा खुर्चीच्या कडेला बसून पडद्याकडे बघत होते. त्यांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं, तरी बघत होते.

बुधवार, १७ सप्टेंबर, रात्री १२ नंतर

ताळेबंद जुळला. पण आता ते प्राप्तिकर कायद्याच्या कलम १३९(१) खालचं मुदतीतलं रिटर्न राहिलं नव्हतं, १३९(४) खालचं उशिराचं झालं होतं. कलम २३४एफ चं पाच हजार रुपये विलंबशुल्क आधी भरा, असं दिसू लागलं. मामांचं उत्पन्न पाच लाखांवर होतं, नाहीतर ते हजारावर राहिलं असतं. थोडा कर बाकी होता, त्यावर दरमहा एक टक्का व्याज वेगळं. सकाळी चलन भरून रिटर्न गेलं. पोचपावतीवर तारीख पडली १७ सप्टेंबर. चार लाखांचा तोटा पुढे नेण्याचा हक्क त्या तारखेने संपवला.

मामा एवढंच म्हणाले, “म्या तर जूनमधीच दिलं हुतं की.”

पगारदार माणसाला हा घाव वेगळ्या जागी बसतो. मुदत चुकली की त्या वर्षी जुनी करप्रणाली निवडता येत नाही. घरकर्जाचं व्याज, विमा, भविष्यनिर्वाह निधी यांच्या भरवशावर ज्याने वर्षभर हिशेब मांडला, त्याचं सगळं गणित एका रात्रीत मोडतं.

यावर एक दार उघडं आहे. कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो. मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार एक कोटीपर्यंतच्या दाव्याचा निर्णय प्रधान आयुक्त वा आयुक्त घेतात, आणि त्या करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. अडचण खरी होती, हे मात्र कागदांनी दाखवावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये करसल्लागाराच्या व्यक्तिगत अडचणीमुळे झालेला उशीर माफ केला. करसल्लागाराच्या किंवा लेखापरीक्षकाच्या चुकीची शिक्षा करदात्याला नको, हा विचार त्या न्यायालयाच्या इतर निकालांतही दिसतो. सल्लागार सनदी लेखापाल असेल आणि त्याने गंभीर हलगर्जी केली असेल, तर सनदी लेखापालांच्या १९४९ च्या कायद्याखाली त्यांच्या संस्थेकडे तक्रार करता येते. मामांचे वकीलसाहेब सनदी लेखापाल नाहीत, त्यामुळे तो रस्ता आम्हाला नव्हता.

मामांचा अर्ज आम्ही केला आहे. जूनमध्ये कागद दिल्याची पोच त्यांच्याकडे नाही, ती कुणी घेतच नाही. वकीलसाहेबांना केलेल्या फोनांची मोबाईल कंपनीकडची यादी, मुनशीने पाठवलेला तो खोटा कागद आणि १६ तारखेचा नेट बँकिंगचा तपशील जोडला आहे.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आज पोर्टलवरच्या आपल्या खात्यात जाऊन तिथे मोबाईल नंबर आणि ई-मेल कुणाचा आहे ते पाहावं. आधारला जोडलेला नंबर चालू आहे का, तेही पाहावं. कागद देताना तारखेसह पोच मागा. मुदतीच्या पंधरा दिवस आधी पोचपावती हातात आली नसेल, तर फाईल परत मागा आणि दुसऱ्याकडे द्या.