ध्वनिमांडणशिल्प : विश्लेषण व दस्तऐवजीकरण

एखाद्या जागेत ध्वनी हेच मुख्य माध्यम धरून रचलेल्या कलाकृतीचा अभ्यास करण्याची व तिची नोंद ठेवण्याची पद्धती (पहा : मांडणशिल्प).

‘ध्वनिमांडणशिल्प’ ही संज्ञा अमेरिकन कलावंत मॅक्स न्यूहाउस यांनी रूढ केली. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील त्यांची रचना १९७७ ते १९९२ या काळात चालू होती. २००२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. आपल्या कृतींची नोंद ते ध्वनिमुद्रणाऐवजी रेखाचित्र व हस्तलिखित मजकूर यांतून ठेवत.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण मुंबईच्या शिल्पा गुप्ता (जन्म १९७६) यांचे. त्यांच्या २०१७-१८ च्या रचनेत टांगलेले १०० मायक्रोफोन ऐकत नाहीत, बोलतात! तुरुंगवास भोगलेल्या १०० कवींच्या ओळी त्यांतून अनेक भाषांत उमटतात. एक आवाज बोलतो, बाकीचे साथ देतात. खाली सळयांवर छापील कागद टोचलेले असतात. २०१९ मध्ये ही रचना व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडली गेली.

अशा कृतीत ऐकणारा चालत असतो. त्यामुळे आवाजाची दिशा, अंतर, क्रम आणि दालनातील घुमारा (पहा : ध्वनिकी) हे विश्लेषणाचे घटक ठरतात. नोंदीत जागेचा आराखडा, ध्वनिवर्धकांची उंची, आवाजाची पातळी, मूळ ध्वनिफिती व उपकरणांचा तपशील येतो. साध्या चित्रफितीत दिशा आणि अंतर पूर्णपणे उतरत नाहीत.