पॅनल शो बघताना रिकाम्या खुर्च्या मोजा

समजा, १९९० नंतरच्या ब्रिटनमधल्या राजकीय विनोदावर तुम्हाला काम करायचंय. 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' टाळता येणार नाही. १९९० साली बीबीसीवर सुरू झालेला हा पॅनल शो. रूप प्रश्नमंजुषेचं, पण जिंकलं कोण हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. इयन हिस्लॉप आणि पॉल मर्टन चालू बातम्यांची आणि पाहुण्यांची फिरकी घेतात, आणि आपणही त्यांच्याच कट्ट्यावर बसलोय असं वाटतं. लोकांना आवडतं ते हेच.

संशोधकाने सावध व्हायचं तेही इथेच. प्रत्यक्ष चित्रीकरण अर्ध्या तासाहून बरंच लांबतं. आपल्यापर्यंत येतं ते कापून, जुळवून. म्हणजे तुमच्या हातात गप्पा नाहीत, गप्पांचं संपादित रूप आहे.

दुसरं, कोण नाही ते बघा. १९९३ मध्ये मजूर पक्षाचे रॉय हॅटर्स्ली ऐनवेळी आले नाहीत, तेव्हा त्यांच्या जागी चक्क चरबीचा डबा ठेवला गेला. ती गैरहजेरी सगळ्यांना दिसली. पण एकही बाई नसलेली पॅनल्स वर्षानुवर्षं खपून गेली. फक्त पुरुषांचं पॅनल यापुढे चालणार नाही, हे बीबीसीच्या डॅनी कोहेन यांनी जाहीर केलं ते २०१४ मध्ये!

म्हणून टिपणवहीत दोन रकाने आखा: कोण काय बोललं, आणि कोणाला बोलावलंच नाही. पहिला रकाना सहज भरतो. प्रबंधाचा प्रश्न मात्र बहुतेकदा दुसऱ्यात सापडतो.