विहिरीवरचें जुनें इंजिन

धर्मापुरीचें नांव निघालें म्हणजे इतिहासप्रेमी वाचकांस तेथील चालुक्यकालीन केदारेश्वराचें मंदिर आठवतें. त्याची एखादी शिळा ढळली तरी आम्ही हळहळतों, आणि तें योग्यच होय. परंतु बीड जिल्ह्यांतील शेतीचा जो अलीकडचा इतिहास लोखंडांत ओतला गेला, त्याकडे आमचें लक्ष सहसा जात नाहीं. बांधावर गंजत पडलेलें तेल-इंजिन आम्हांस भंगार वाटतें. वस्तुतः शिलालेखाप्रमाणें तोही एक अस्सल लेखच आहे. मात्र तो वाचण्याची रीत वेगळी आहे.

मराठवाड्यांत पाऊस बेभरंवशाचा. शेतीस आधार विहिरीचा आणि विहिरीस मोटेचा. बैलांची जोडी धावेवरून उतरली कीं चामड्याची मोट वर येऊन थारोळ्यांत रिती होई. पाणी किती मिळणार हें बैलांच्या दमावर ठरे. चारा संपला म्हणजे विहिरींत पाणी असूनही तें पिकापर्यंत पोहोंचत नसे. या बंधनांतून शेतकऱ्यास सोडविलें तें तेल-इंजिनानें.

हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट याच्या रचनेचीं इंजिनें ग्रँथम येथील हॉर्न्सबी कारखान्यानें १८९२ पासून विक्रीस काढलीं. रूडोल्फ डिझेल याचें इंजिन १८९७ मध्यें कसोटीस उतरलें. डर्स्लीच्या लिस्टर कंपनीचें मंदगति इंजिन १९२९ चें. मिनिटास सहाशें फेरे आणि पांच अश्वशक्ति एवढीच त्याची मजल. पण तें दणकट होतें आणि खेड्यांतील मिस्त्रीच्या आवांक्यांतलें होतें. त्याच्या प्रतिकृति राजकोटास वर्षानुवर्षें निघत राहिल्या. इकडे साताऱ्याच्या कूपर कारखान्यानें आणि १९४६ मध्यें स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनीनें ही विद्या स्वदेशी केली. धर्मापुरीचा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. पुढें वीज आली, विहिरींत बुडवून ठेवावयाचे पंप आले, आणि इंजिनाची धडधड मोटेच्या कुरकुरीप्रमाणेंच मावळत गेली.

अमेरिका हा तळ्यांचा देश. तेथें १९०९ मध्यें ओले एव्हिनरूड यानें घडविलेलें, होडीच्या पाठीस अडकवावयाचें इंजिन व त्याचे वंशज हौशी लोक आजही खोलतात, दुरुस्त करतात आणि पाण्यावर चालवितात. आमच्याकडे होडीच्या जागीं विहीर आहे. प्रश्न मात्र एकच. जुनें यंत्र नव्यासारखें करावें, कीं आहे तसें राखावें?

आमच्या मतें यंत्र चालतें करावें, पण त्याचें वय पुसूं नये. रुतलेला दट्ट्या हातोड्यानें ठोकूं नये. सिलिंडरांत रॉकेल व तेल घालून कांहीं दिवस मुरूं द्यावें आणि मग चाक हलकेच मागें-पुढें करावें. टाकी व नळ्या धुऊन घ्याव्या. नोझलमधून तेल धुक्यासारखें सुटलें पाहिजे. धार पडत असेल तर इंजिन नुसता धूर ओकेल. चाकास तडा आहे कीं काय, हें चालविण्यापूर्वी पाहिलेंच पाहिजे, कारण फिरतें अवजड चाक फुटलें तर तें जीव घेतें. झिजलेली रिंग बदलावीच लागते. पण जुनी जपावी आणि बदलाची तारीखवार नोंद ठेवावी. क्रमांकाची पितळी पट्टी घासून पुसट करूं नये. विशेषतः गांवच्या मिस्त्रीनें जोडलेलें ठिगळ उपटूं नये. कारखान्याचें नांव पट्टीवर सांपडतें. त्या मिस्त्रीची सही मात्र त्या ठिगळांतच असते.

आणि खरी निकड येथेंच आहे. लोखंड आणखी पन्नास वर्षें गंजत पडूं शकेल. परंतु नुसत्या आवाजावरून इंजिनाचें दुखणें ओळखणारे कान आतां थकत चालले आहेत. त्यांचें ज्ञान कोणत्याही ग्रंथांत उतरलेलें नाहीं. ज्या घरीं असें इंजिन असेल त्या घरच्या तरुणांनीं तें भंगारवाल्याच्या तागडींत घालण्यापूर्वी एखाद्या वृद्ध मिस्त्रीस बोलवावें, त्याच्या देखरेखीखालीं तें खोलावें आणि तो जें सांगेल तें लिहून घ्यावें. मंदिराच्या शिल्पकारांस विचारण्याची संधि आम्हांस कधींच मिळाली नाहीं. ही संधि अजून हातची गेलेली नाहीं.